वरच्या फडाचं दार

जळगाव, मंगळवार, २ डिसेंबर २०२५

आज कुंदन सरांनी ऑफिसात सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, आणि चक्क चांगल्या कारणासाठी. सावरपाटहून रुपचंद भाऊंचा फोन आला होता. ते तिथल्या पाणी संस्थेचे सचिव आहेत. चौदा तारखेच्या सभेत ठेवायला त्यांना आमच्या 'पाटपाणी' ॲपमधल्या नोंदींचा सहीचा कागद हवाय. सर म्हणाले, "ऋतिका करेल. सहीही तिचीच. ॲप तिनं लिहिलंय, मान तिचाच." दोन वर्षांत सरांनी मला कशावरही सही करू दिली नव्हती. शेजारच्या टेबलावरचा राकेश मान वर न करता म्हणाला, "वाचून कर हो सही." त्याला कशातही खोट काढल्याशिवाय चैन पडत नाही.

सावरपाट धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठावर आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि गावाची शेती फडांमध्ये वाटलेली आहे. एका फडात एकच पीक, आणि फडांना पाळीपाळीने पाणी. वरच्या फडाचं दार बंद झालं की पाणी पुढे सरकून शेपटाच्या फडापर्यंत जातं. दारं फिरवणारा माणूस म्हणजे पाटकरी. आम्ही दारांवर यंत्रं बसवली. दार उघडलं की मिटलं, हे यंत्र रेडिओने गावातल्या पेटीला कळवतं, पेटी आमच्या सर्व्हरला कळवते आणि शेतकऱ्याला घरबसल्या फोनवर दिसतं.

शेपटाच्या वस्तीवरचे नवल पाटील म्हणतात की नोव्हेंबरात वरच्या फडाचं दार पाळी संपल्यावरही चार दिवस उघडं होतं आणि त्यांचा हरभरा तहानला. पुरावा म्हणून त्यांनी फोनचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकलाय: 'वरचा फड, दार उघडं', शेजारी हिरवा ठिपका आणि 'लाईव्ह'. पाटकरी तोताराम आबा म्हणतात, दार मी वेळेवर बंद केलं. वरच्या फडात आबांच्या भावाचं शेत आहे, त्यामुळे कुणी ऐकत नाही. तेवीस नोव्हेंबरपासून त्यांना घरी बसवलंय. सभेत काढूनच टाकणार. एकतीस वर्षं ते पाट सांभाळताहेत.

ॲपने एका लबाडीला पकडलं याचा मला आज आनंद झाला. हे इथे लिहून ठेवते.

बुधवार, ३ डिसेंबर

आनंद चोवीस तासही टिकला नाही.

कागदासाठी फोनचा फोटो पुरेल असं सर म्हणाले होते. पण आपल्या सहीखाली दुसऱ्याच्या फोनचा फोटो कसा लावायचा, म्हणून मी सर्व्हरवरची मूळ नोंद काढली. त्यात लिहिलंय: वरचा फड, दार बंद, मंगळवार १८ नोव्हेंबर, सायंकाळी ५:४०. त्यानंतर दहा दिवस काहीच हालचाल नाही.

नवल पाटलांचा फोटो शनिवारचा आहे, २२ तारखेचा. त्यात दार उघडं.

सर्व्हर आमचा, फोनवरचं पानही आमचंच. एकाच दारासाठी दोन उत्तरं. मी नोंद सहा वेळा काढून पाहिली. सातव्यांदा काढताना राकेश म्हणाला, "आता ती लाजेनं बदलेल बघ."

शुक्रवार, ५ डिसेंबर

सापडलं. ओळ माझीच आहे. १४ ऑगस्टला लिहिलेली, नाव, वेळ सगळ्यासकट.

नीट लिहून काढते, म्हणजे मलाच कळेल. प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारायला गेलं तर पान हळू उघडतं. म्हणून फोन एकदा मिळालेलं उत्तर स्वतःजवळ साठवतो, त्याला आम्ही कॅश म्हणतो. उत्तर दहा मिनिटांच्या आतलं असेल तर तेच दाखवायचं, जुनं असेल तर नव्याने विचारायचं. इथवर यात चूक काही नाही, सगळेच असं करतात. पण नव्याने विचारायला गेलं आणि रेंजच नसली तर? तेव्हा मी एरर दाखवत होते: 'संपर्क नाही'. ऑगस्टमधल्या दाखवणीत तो एरर एका पाहुण्यांसमोर आला आणि सर चिडले. "गिऱ्हाइकाला लाल अक्षरं दिसायला नकोत. काहीही कर." मग मी ते 'काहीही' केलं. रेंज नसेल तर जुनंच उत्तर उचलायचं आणि परत साठवायचं. साठवताना त्यावर त्या क्षणाची वेळ पडते. म्हणजे शिळं उत्तर दर वेळी ताजं होऊन बाहेर येतं, हिरव्या ठिपक्यासकट.

नवल पाटलांची वस्ती खोलगटात आहे, तिथे रेंज नाही. मंगळवारी दुपारी ते गावात असताना त्यांच्या फोनने 'उघडं' हे उत्तर घेतलं. पुढचे चार दिवस वस्तीवर तेच उत्तर रोज नवं होत राहिलं; शनिवारी त्यांनी फोटो काढला आणि गावात आल्यावर ग्रुपवर टाकला. आमच्या ऑफिसात नेट कधी जातच नाही, म्हणून मला हे कधी दिसलं नाही. मी रेंज नसलेल्या ठिकाणी एकदाही तपासलं नाही. चुलत मामाच्या गावी गेले होते तेव्हा तपासता आलं असतं. तिथे मी हुरडा खात बसले.

डबा तसाच परत आणला.

शनिवार, ६ डिसेंबर

सरांना सांगितलं. सगळं सांगितलं.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "बस. पाणी पी. हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"राकेशला असेल. तो शेजारीच बसतो."

"हे बघ, पान दुरुस्त करू, शांतपणे, जानेवारीत. पण कागदात हे नको. कागदात एवढंच लिही की शेतकऱ्याच्या फोनवर जे दिसलं ते ॲपनेच दाखवलं. खोटं आहे का यात काही?"

खोटं नव्हतं. हेच तर वाईट होतं.

"पण सर, मग तोताराम आबांना काढतील."

"एक पाटकरी गेला तर दुसरा येईल. मला आणखी बारा गावांचं काम मिळतंय, ऋतिका. तिथे जाऊन काय सांगू, आमच्या ॲपपेक्षा म्हातारा बरा?"

मी "बरं सर" म्हणून बाहेर आले. का म्हणाले? माझ्या तोंडून 'बरं' आधी निघतं आणि विचार मागून येतो. जिन्यात दम्याचा पंप ओढावा लागला.

अमळनेर, रविवार, ७ डिसेंबर

घरी आले. नानांना सांगायचं नाही असं ठरवून निघाले होते, दहा मिनिटांत सगळं सांगून झालं.

वडील म्हणून नाना कमी बोलतात. एसटी स्टँडवर कंट्रोलर होते तेव्हा भोंग्यावरून दिवसभर बोलायचे, तेवढंच. दम्यामुळे मला दुसरीपर्यंत शाळेत घातलं नव्हतं. मी त्यांच्या केबिनमध्ये बाकावर बसायचे. गाड्यांच्या पाट्यांवर वाचायला शिकले आणि वेळापत्रकावर वजाबाकी. एकदम तिसरीत बसले तेव्हा बाई म्हणाल्या, या मुलीला कविता एकही येत नाही, पण चोपड्याची शेवटची गाडी पाठ आहे.

नानांचा एक फळा होता. त्यावर ते लिहायचे: 'धुळे गाडी पारोळ्याहून निघाली.' आणि बाजूला कंसात, बारीक: '७.५५ ला कळलं.' मी एकदा विचारलं होतं, कंसातलं कशाला? आज त्यांनी तेच उत्तर पुन्हा दिलं. "गाडी डोळ्यांना दिसेपर्यंत कंट्रोलरला ठाऊक नसतं ती कुठे आहे. त्याला एवढंच ठाऊक असतं की त्याला कधी कळलं. तेवढं लिहावं. 'येतेय' म्हटलं की माणूस लघवीलाही जात नाही, पोरी."

मी विचारलं, "मग मी काय करू?"

"मला कॉम्प्युटरमधलं काय कळतं?" असं म्हणून ते भरतासाठी वांगी भाजायला गेले.

मला वाटलं होतं, नाना काहीतरी सांगतील.

जळगाव, मंगळवार, ९ डिसेंबर, दुपारी ३:२०

आजपासून वेळ लिहिते.

कागद लिहिला, एक पान. दार १८ तारखेला ५:४० ला बंद झाल्याची मूळ नोंद, फोनवर चुकीचं का दिसलं आणि ती चूक माझी आहे हे. सरांना दिला. त्यांनी तो वाचून ड्रॉवरमध्ये टाकला आणि दुसरा पुढे केला. तो आधीच टाईप केलेला होता, खाली माझं नाव. 'ॲपवरील माहिती तांत्रिकदृष्ट्या योग्य असल्याचे मी प्रमाणित करते.'

"सही कर."

"नाही सर."

माझंच तोंड होतं, 'बरं' आलंच नाही. सरांनाही ते पटलं नसावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणणं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं.

"मान दिला तर डोक्यावर बसलीस," असं ते म्हणाले. जागेवर येईपर्यंत माझा पासवर्ड बंद झाला होता. आता सर्व्हर उघडत नाही. मूळ नोंदही गेली, माझ्याकडे तिची एकही प्रत नाही. एवढी साधी गोष्ट मी केली नाही.

सायंकाळी ६:०५

पिशवीत डबा ठेवताना सापडलं: मूळ नोंदीच्या दोन छापील प्रती, घडी घालून. त्यावर वेळही आहे, आज दुपारी १:१२. राकेशला विचारलं तर म्हणाला, "प्रिंटरवर पडल्या होत्या, तूच दिल्या असशील. फार वेंधळी झालीयेस." मला आठवतही नाही. १:१२ ला तर मी जेवायला खाली गेले होते. इतकं कसं विसरते मी?

बुधवार, १० डिसेंबर, सकाळी ८:४०

तोताराम आबांना फोन केला. नंबर रुपचंद भाऊंकडून घेतला. आधी सून आली, रत्ना. ती म्हणाली, "ताई, माझ्या फोनवर बंदच दाखवत होतं. आमचं घर गावात आहे, रेंजमध्ये. मी सगळ्यांना सांगितलं. म्हणे, घरचीच साक्ष." मग आबा आले.

"कोन बोलस?"

मी सांगितलं: फोनमधलं पान मी लिहिलं आणि त्यात चूक माझी आहे. 

"दार मी मंगयवारे बंद कयं," ते म्हणाले. "दिन डुबाना आगोदर."

"पाच चाळीसला आबा. नोंद आहे."

"माले नोंद कशाले? मना हात व्हता." मग जरा थांबून, "आगोदर तक्रार उनी का दोन्ही जन पाट चालेत. तक्रारवाला आन पाटकरी. पार दारपावत. आते बठ्ठं गाव फोन देखस, पाट कोनी देखत नही. पाटले घूस लागेल शे, पानी नालामा जास. मी सांगं तं म्हनतस, म्हातारा बहाना करस."

मी म्हणाले, मी सभेला येते.

"येशी ते ये, बेटा. पन मनासाठे नको येऊ. तुनासाठे ये."

माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी ये: यातून त्यांना काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक. बहुतेक मी नको असेन.

शुक्रवार, १२ डिसेंबर, सायंकाळी ७

सरांनी विचारलं, रविवारी कुठे जाणार आहेस? म्हणाले, "गेलीस तर कंपनीच्या वतीने नाही. लक्षात ठेव." ठेवलं लक्षात.

नानांचा फोन आला होता. त्यांनाही रविवारी धुळ्याला जायचंय, चष्म्याचा नंबर बदललाय म्हणून. म्हटलं बरं झालं, सोबत होईल.

सावरपाटहून परतताना, एसटीत, रविवार, १४ डिसेंबर, दुपारी ४:१५

अक्षर हलतंय, पण आत्ताच लिहायला हवं.

धुळ्याहून साक्रीच्या गाडीतही नाना सोबत बसले. म्हणाले, चष्म्याचं दुकान चारला उघडतं, तोवर काय करू. सभा मारुतीच्या ओट्यावर होती, साठ-सत्तर माणसं. तोताराम आबा खांबाला टेकून बसले होते. सडपातळ, डोक्याला पंचा, हात मांडीवर उताणे. अशी माणसं रागावली आहेत की थकली आहेत, मला कळत नाही.

मी छापील नोंद वाचली. मग माझी चूक सांगितली. 'कॅश' शब्द वापरला नाही. म्हणाले, फोन जुनं उत्तर आत्ताचं म्हणून सांगत होता, आणि त्याला तसं मी शिकवलं.

नवल पाटील उठले. चाळिशीचे, गळ्यात चार्जिंगची वायर. "ताई, कागद तुमनाच, फोन बी तुमनाच. फोन खोटा तं कागद खरा कशावरून?"

लोक हसले. त्यांचं बरोबर होतं. मी पंप ओढला, सगळ्यांसमोर. पाचवीपासून मी चारचौघांत कधी ओढला नव्हता.

रुपचंद भाऊ म्हणाले, "पोरगी मोठ्या मनाची आहे, पण आबाच्या बाजूनं कुणीतरी पाठवलेली दिसते. ठराव घेऊ."

"घेऊ नका," मी म्हणाले. आवाज फार मोठा निघाला, भोंग्यासारखा. "कागद मानू नका, फोनही मानू नका. पाट चाला. आधी तक्रार आली की चालत होतात ना? आज वरच्या फडाची पाळी आहे, दार उघडं आहे. नवलभाऊ, इथे रेंज आहे, फोन उघडा. काय दिसतं?"

"उघडं. लाईव्ह."

"आता चला."

कुणी उठेना. थंडीतलं ऊन अंगावर घेऊन माणसं छान बसली होती. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "बसून ठरवायचं असेल तर एवढे पाय कशाला दिलेत देवानं?" वळून पाहिलं तर नाना. पायात चपला घालून सगळ्यांच्या आधी पाटाकडे निघालेले. मग पोरीबाळींसकट अख्खी सभा उठली.

पाऊण तास चाललो. वाटेत आबांनी एका जागी काठी टेकली. पाटाच्या कडेला मनगट जाईल एवढं भोक, खाली नाल्यात हिरवंगार गवत आणि चिखल. डिसेंबरात नाला वाहत होता. घुशीनं पाडलेलं. नवल पाटील खाली उतरून हात घालून आले.

वरच्या दाराशी फोनला रेंज नाही. आबांनी दाराच्या चक्राला हात लावला नाही. म्हणाले, "नवल, तू फिराव."

नवल पाटलांनी चक्र फिरवलं. लोखंडी फळी कुरकुरत खाली आली आणि फडात वळणारं पाणी थांबलं. दारामागची चारी आमच्या डोळ्यांदेखत नुसती ओली उरली, पाणी पाटाने पुढे निघालं.

"आते फोन देख."

त्यांनी पाहिलं. मीही वाकून पाहिलं. 'वरचा फड, दार उघडं.' हिरवा ठिपका. लाईव्ह.

"हात तुना, दार तुनं," आबा म्हणाले. "सांग, उघडं शे का बंद?"

नवल पाटलांचा एक हात चक्रावर, एका हातात फोन. ते दोन्हीकडे आळीपाळीने पाहत राहिले. मागून एक बाई म्हणाली, "व माय, डबडी तं तोंडवर खोटं बोलस!" आणि सगळा बंधारा हसला. नवल पाटील हसले नाहीत. फोन खिशात टाकून त्यांनी आबांच्या पायाला हात लावला. आबा पाय मागे घेत म्हणाले, "राहू दे, राहू दे. आगोदर ते घूसनं भोक बुजाव."

ठराव झाला नाही. उद्यापासून आबा कामावर. रुपचंद भाऊंनी मला खडसावून सांगितलं की एक तर ॲपने खरं बोलावं, नाहीतर यंत्रं काढून घेऊन जा. मी म्हणाले, बोलेल.

गावात परत आल्यावर रेंज आली आणि एकदम कळलं, सरांचे सात फोन येऊन गेले होते.

नाना खिडकीशी डोळे मिटून बसलेत. चष्मा राहूनच गेला. दुकान आता उघडलं असेल, पण ते म्हणाले, राहू दे, पुढच्या वेळी. मला अपराधी वाटतंय.

जळगाव, गुरुवार, १८ डिसेंबर, सायंकाळी ६:३०

सोमवारी रुपचंद भाऊंनी सरांना काय सांगितलं माहीत नाही, पण मंगळवारी माझा पासवर्ड परत चालू झाला. "लवकर कर आणि विषय संपव."

विषय संपवला. रेंज नसेल तर जुनं उत्तरच दाखवायचं, कारण काहीच नसण्यापेक्षा ते बरं. पण त्याची वेळ बदलायची नाही, ज्या क्षणी सर्व्हरकडून आलं तीच राहील. हिरवा ठिपका काढला, 'लाईव्ह' शब्द काढला. त्या जागी कंसात, बारीक: 'मंगळवार, सायंकाळी ५:४० ला कळलं.' उत्तर एका दिवसाहून जुनं असेल तर खाली एक ओळ: 'खात्री हवी असेल तर पाट चाला.'

तपासायला या वेळी फोन विमानाच्या खुणेवर टाकला, म्हणजे रेंज बंद. पन्नास वेळा. मग राकेशला दिला. त्याने एकावन्नाव्यांदा केलं आणि पहिल्यांदाच खोट काढली नाही. उलट म्हणाला, "प्रिंटही काढून ठेव. या वेळी स्वतः." सारखं तेच उगाळतो.

रविवार, २१ डिसेंबर, सायंकाळी ६:१०

दुपारी सरांचा मेसेज आला. बारा गावांची दाखवणी बुधवारी आहे. 'लाईव्ह आणि हिरवा ठिपका परत लाव. ती पाट चालायची ओळ काढ. जमणार नसेल तर सोमवारी येऊ नकोस.'

दोन तास भीती वाटली. नोकरी, खोलीचं भाडं, नाना, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. दोन ताससुद्धा कमीच सांगतेय.

मग आबांना फोन केला, कशासाठी ते ठरवलंही नव्हतं. रत्नाने उचलला. आबा पाटावर गेलेत म्हणाली. फोन घरीच ठेवून जातात. नवलभाऊ सोबत असतात हल्ली, त्यांना दारं शिकायचीयत. मी विचारलं, पाणी पोचलं का शेपटाला? ती म्हणाली, "थांबा ताई, पाहून सांगते," आणि सवयीने फोन उघडणार होती बहुतेक. मग थांबली, हसली आणि म्हणाली, "मी सकाळी पाहिलं तेव्हा पोचलं होतं. आत्ताचं माहीत नाही."

सरांना उत्तर लिहिलं: 'सर, सोमवारी दहाला येते. लाईव्ह लावणार नाही. त्या बारा गावांनी विचारलं तर का, तेही मीच सांगेन.' पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

बॅग भरून ठेवली: पंप, डबा, छापील प्रती. या वेळी मी स्वतः काढलेल्या.

सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत मला एवढंच ठाऊक आहे.